फ्यूज त्यांच्या खिशात होता

आमच्या दिव्यांच्या पाट्यांच्या कंपनीची पुस्तिका काढायची आहे म्हणून पुतण्यानं परवा एका तरुण लेखकाला माझ्याकडं धाडलं. पोरगा चांगला होता, नम्र होता. दोन-चार गोष्टी विचारून झाल्यावर म्हणाला, "काकू, पुढं असं लिहू का? ‘संस्थापकांना शिडीवरून पडून अपघात झाला, तरीही त्यांनी जिद्द सोडली नाही.’" मी त्याला म्हटलं, असं छापलंस तर तुझी पुस्तिका मी बंबात घालीन. तो चहा अर्धा टाकून गेला. त्याचा काही दोष नव्हता. त्याला आमच्या घरच्यांनीच तसं सांगितलेलं. पण शिडीवरून पडणं वेगळं आणि पाडलं जाणं वेगळं, एवढं तरी कुणीतरी लिहून ठेवायला हवं. म्हणून मीच बसले आहे.

माझे सासरे पाट्या रंगवत. तालमीच्या, दुकानांच्या, ट्रकांच्या मागच्या फळ्या. महाद्वार रोडच्या मागच्या बोळात एक लांबट खोली होती, तिथं सदा टर्पेंटाइनचा वास. थोरला मुलगा, म्हणजे माझे मालक, वडिलांशी भांडून मुंबईला गेले आणि निऑनच्या पाट्या करणाऱ्या एका कारखान्यात राहिले. संस्थान विलीन झालं त्या सुमारास ते परत आले, ते डोक्यात एकच वेड घेऊन. कोल्हापुरात दिव्यांच्या पाट्या लावायच्या.

पहिल्या पाट्या साध्याच होत्या. पत्र्याची पोकळ अक्षरं कापायची आणि त्यांच्यात बल्बांच्या रांगा बसवायच्या. तशी पहिली पाटी एका सोडा-लेमनच्या दुकानावर लागली, तेव्हा दिवेलागणीला बायका पोरांना कडेवर घेऊन बघायला यायच्या म्हणे. सासऱ्यांना ते पटायचं नाही. "ह्येला रंग न्हाय, बुरूश न्हाय, मग ह्येला पाटी का म्हणायचं?" असं ते येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवायचे आणि त्याच गिऱ्हाइकाकडून कामही घ्यायचे.

मी त्या घरात आले ती त्यानंतर. माझे वडील चित्रकलेचे मास्तर होते आणि ड्रॉइंगच्या दोन्ही परीक्षा मी दिल्या होत्या. सासरी याचा कुणाला पत्ता नव्हता, कारण कुणी विचारलं नव्हतं. एकदा मालक जमिनीवर खाकी कागद पसरून अक्षरं काढत बसले होते. तेव्हा निऑनची कामंही येऊ लागली होती; काचेची नळी मुंबईहून वाकवून यायची, पण कशी वाकवायची त्याचा पुरा मापाचा नकाशा इथून जायचा. नळी मागच्या अंगानं वाकवतात, म्हणून अक्षरं सगळी उलटी काढायची, आरशात दिसतात तशी. मालकांचा ‘क्ष’ काही केल्या जमेना. मी भाकरी थापता थापता म्हणाले, "तो असा नव्हे." त्यांनी पेन्सिल पुढं केली. मी पिठाचे हात पुसले आणि काढून दिला. त्या दिवसापासून कंपनीच्या पाट्यांवरचं एक एक अक्षर माझ्या हातचं आहे.

तोवर निऑन म्हटलं की पाटी इंग्रजीतच. मुंबईवाले म्हणायचे, मराठीत होत नाही, काना-मात्रा-वेलांटी एका नळीत कशी आणणार? पण होतं. नळी न तोडता कुठून कुठं न्यायची, कुठं मागं वळवायची आणि जो तुकडा दिसायला नको त्यावर काळा रंग द्यायचा, हे एकदा उमगलं की जोडाक्षरंसुद्धा बसतात. मी महिनोन्‌महिने स्वयंपाकघराच्या फरशीवर खडूनं तेच करत होते. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणायच्या, "फरशी पुसायची का अक्षरांवरनं चालायचं, येक काय ते सांग." आणि गिऱ्हाइकांना काय सांगितलं जायचं? अक्षरं मुंबईच्या आर्टिस्टनं काढलीत. सासरे सांगायचे, आणि मालक गप्प बसायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, "वा, मुंबईचा हात वेगळाच की!" मी आत उभी राहून ऐकायची. तेव्हाही राग यायचा, पण मला वाटायचं, एवढं चालायचंच. माझी मोठी चूक झाली असेल तर ती हीच समजूत की गप्प बसणं हा या घरातला एक छोटा दोष आहे.

मग ते थेटर आलं. जुनंच थेटर, पण थेटरच्या मालकानं खुर्च्या, पडदा, दर्शनी भिंत सगळं नवं केलं होतं, आणि वर मराठीत निऑनची पाटी लावायची होती. गावातली सगळ्यात मोठी पाटी, तीन शब्दांची, तांबडी आणि निळी. मी ती अक्षरं काढताना जेवणखाण विसरले होते. नळ्या पेंढ्याच्या खोक्यांतून रेल्वेनं आल्या, एकही फुटली नव्हती. उद्‌घाटनाला मुंबईहून मंत्री यायचे होते.

त्या दिवशी दुपारपासून मालक शिडीवर होते. धाकटा दीर खाली शिडी धरून. दोन शब्द लागून तपासून झाले होते, तिसऱ्याच्या शेवटच्या अक्षराची जोडणी राहिली होती. मी आत्याबाईंना देवळात सोडून समोरच्या पानपट्टीच्या आडोशाला येऊन उभी राहिले होते, कारण माझी अक्षरं पेटताना मला बघायची होती. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं ते असं. ते शेवटचं अक्षर जोडायला पुन्हा वर चढायच्या आधी मालक तिकिटाच्या खिडकीमागच्या खोलीत गेले, तिथं मेन बोर्ड होता. बाहेर आले तेव्हा पाटीच्या लायनीचा चिनी मातीचा फ्यूज त्यांच्या हातात होता. तो त्यांनी मॅनेजरला दाखवला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला. म्हणाले, "मी खाली आल्याबिगर कुणी हात लावू नका." मॅनेजर म्हणाला, "व्हय, व्हय. तुम्ही बिनघोर ऱ्हावा, पावणं."

मंत्र्यांची गाडी वेळेच्या आधी आली. एकदम गडबड उडाली. बँडवाले घाईघाईनं उभे राहिले, कुणीतरी हार घेऊन धावला. थेटरचा मालक पांढऱ्या कोटात दारात आला, वर बघितलं, शिडी दिसली. तरी मागं वळून ओरडला, "दिवे लावा! लावा म्हणतो न्हवं!" मॅनेजर आत पळाला. फ्यूजच्या जागी तांब्याची तार पिळून बसवली त्यानं, हे पुढं थेटरातल्याच एका नोकरानं दिराला सांगितलं. तार कुठून आली, कुणास ठाऊक. अशी माणसं नेमक्या वेळी तार शोधून काढतात.

पहिले दोन शब्द पेटले. मी ते बघितले, आणि त्याच क्षणी मालकांचा हात नळीला चिकटल्यासारखा झाला, अंग ताठ झालं आणि ते शिडीच्या बाजूला पडले. दिरानं झेलायला हात पुढं केले, तोही त्यांच्याबरोबर कोसळला. मी रस्ता ओलांडून धावले. बँड थांबला नाही. हे मी मुद्दाम पुन्हा लिहिते, बँड थांबला नाही. लोक टाळ्या वाजवत होते. जे पुढं होते त्यांना दिसलंच नसेल, मान्य आहे. पण थेटरचा मालक तिथं चार हातांवर उभा होता. त्यानं खाली बघितलं आणि माणसांना म्हणाला, "मागनं न्या, मागनं. हितं फोटो चालल्यात."

मागच्या बोळातून त्यांना उचलून नेलं. तिथं शेंगांच्या टरफलांचे ढीग होते, मुताऱ्या होत्या. टांगा मिळेपर्यंत मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन तिथं बसले होते. भिंतीपलीकडून भाषण ऐकू येत होतं. प्रगती, नवं राज्य, उद्योग.

सरकारी दवाखान्यात ते फार काळ पडून होते. खुब्याचं हाड मोडलं होतं, ते जुळलं पण वाकडं. उजव्या हाताची बोटं भाजून आखडली, ती पुन्हा कधी सरळ झाली नाहीत. ज्या बोटांनी ते काचेची नळी तान्ह्या पोरासारखी उचलायचे ती बोटं. परिचारिकेनं त्यांचा सदरा मला दिला. खिशात फ्यूज होता. मी तो पदरात बांधून घेतला.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी गावच्या वर्तमानपत्रात बातमी आली. मंत्र्यांचं भाषण रकानाभर, आणि तळाशी एक ओळ, कारागिराच्या गाफीलपणामुळे किरकोळ दुखापत. किरकोळ! थेटरचा मालक मोसंब्यांची पिशवी घेऊन दवाखान्यात आला. म्हणाला, देवाच्या मनात होतं. मी म्हटलं, "देवानं तार पिळली नाही. तुमच्या मॅनेजरनं पिळली, तुम्ही सांगितलं म्हणून." त्यानं माझ्याकडं बघितलंच नाही. सासऱ्यांकडं बघून म्हणाला, "बाईंच्या मनाला लागलंय. साहजिक हाय." आणि दोघं बाहेर व्हरांड्यात बोलायला गेले. बराच वेळ बोलत होते.

असा अपघात झाला की सरकारी विजेच्या खात्याचा इन्स्पेक्टर चौकशीला यायचा. तो येणार हे मला ठाऊक होतं आणि मी त्याचीच वाट बघत होते. म्हटलं, ह्या माणसाला विजेतलं कळतं. फ्यूज खिशात होता म्हणजे लायन बंद होती, आणि लायन बंद होती म्हणजे ती कुणीतरी चालू केली. याहून सोपं काय असतं?

तो आला. खाटेशेजारी खुर्ची घेऊन बसला. सासरे पायाशी उभे होते, मी उशाशी. त्यानं मालकांना विचारलं, "काय झालं, सांगा." मालकांनी वडिलांकडं बघितलं. मग छताकडं बघत म्हणाले, "चूक माझीच. फ्यूज काढायला इसरलो."

मला आधी वाटलं, औषधाच्या गुंगीत आहेत. मी पदराची गाठ सोडली आणि फ्यूज इन्स्पेक्टरच्या पुढं धरला. "हा त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होता. विसरले असतील तर हा काय आहे?"

इन्स्पेक्टरनं तो हातात घेऊन उलटा-सुलटा केला. मालकांकडं बघितलं. मालक म्हणाले, "जुना असंल. आमच्या धंद्यात असलं खिशात पडल्यालं असतंय की."

"साहेब, मी समोर उभी होते. मी बघितलं."

"बाई," तो म्हणाला, "जखमी माणूस स्वतः सांगतोय. मी काय लिहू?" त्याला खरं काय ते कळलं होतं. त्याच्या तोंडावर दिसत होतं. तरी त्यानं फ्यूज मला परत दिला आणि टोपी उचलून गेला.

मी त्या वॉर्डात, सगळ्या रोग्यांसमोर, नवऱ्याला विचारलं, "कुणासाठी खोटं बोललात?" सासरेच बोलले. "थेटरवाल्याशी वैर धरून ह्या गावात पाट्याचा धंदा व्हतोय व्हय? त्येची अजून दोन थेटरं हायेत. व्यापाऱ्यांत त्येचा शबूद चालतोय. धाकट्याचं लगीन हाय, चार माणसं कामाला हायेत. तू काय त्या फ्यूजची भाकरी करून घालणार हायेस समद्यांस्नी?"

"मामंजी," मी म्हटलं, "त्यांची बोटं बघा."

त्यांनी बघितली. मान फिरवली. वाईट माणूस नव्हता तो. त्यानं रात्रीच्या रात्री मुलाच्या खाटेखाली झोपून काढल्या होत्या. पण त्या दिवशी त्यानं आपल्या मुलाचा सौदा केला, आणि मुलानं तो होऊ दिला, आणि त्यातलं काहीही मला आधी सांगायची कुणाला गरज वाटली नाही.

व्हरांड्यात ठरल्याप्रमाणं कामं आली. थेटरं, हॉटेलं, कापडाची दुकानं, एक साखरेचा कारखाना. दोन वर्षांत बोळातली खोली सुटून कंपनी मोठ्या रस्त्यावर गेली. पुस्तिकेत जिद्द, चिकाटी, सचोटी असं जे काही छापायचं असेल ते छापा. कंपनी वाढली ती त्या एका खोट्या जबाबावर.

मी माहेरी गेले नाही. तोही विचार आला होता. पण अक्षरं माझी होती, ती सोडून मी का जायचं? मी दुसरं काहीतरी केलं. मालक घरी आल्यावर दिराला बसवून सांगितलं, "भावजी, इथून पुढं जो वर चढेल त्यानं मेनबोर्डाला कुलूप घालायचं आणि किल्ली माझ्या हातात द्यायची. शेवटचा माणूस खाली येईपर्यंत मी बोर्डापाशी उभी राहणार. गिऱ्हाइकाला पटत नसेल तर काम घ्यायचं नाही."

सासरे भडकले. "बाईमाणूस चारचौघांत बोर्डापाशी हुबं ऱ्हाणार? लोक काय म्हणतील?"

"पुरुषमाणसं उभी होती तेव्हा काय झालं, ते तुम्हाला दवाखान्यात दिसलंय."

दीर माझ्या बाजूचा होता. त्याला अजून झोपेत भाऊ अंगावर पडल्याचा भास व्हायचा. तो म्हणाला, "वहिनी न्हाईत तर म्या बी वर चढत न्हाय. सांगून ठेवतो."

म्हणून मी उभी राहायला लागले. कुलूप, किल्ली कंबरेला, पाठ बोर्डाला लावून. लोक हसायचे. एका हॉटेलवाल्यानं मला खुर्ची दिली आणि वर म्हणाला, "बसा की, तुमास्नी ह्यातलं काय कळतंय?" मी बसले नाही. दुकानांतले नोकर मला चौकीदारीण म्हणायचे. म्हणेनात का. आमचं कुणी पुन्हा पडलं नाही.

त्याच थेटरवाल्यानं पुढं दुसऱ्या थेटरवर पाटी मागितली. मी अक्षरं काढायला नकार दिला. सासऱ्यांनी हात जोडले, रागावले, जेवायचे थांबले. मी खाकी कागदाची गुंडाळी त्यांच्यापुढं ठेवली आणि म्हटलं, "मुंबईच्या आर्टिस्टला सांगा." शेवटी त्यांनी एका पेंटरकडून काढून घेतली. पाटी लागली, पेटली, लोकांना त्यात काही खोट दिसली नाही. माझ्या नकारानं त्या माणसाचं काहीच बिघडलं नाही, हेही सांगून टाकते. तो उद्‌घाटनांना पांढरा कोट घालून जातच राहिला आणि आमच्या दुकानावरून जाताना आत येऊन खुर्चीवर बसून चहा घेऊन जायचा. मालक त्याला बसा म्हणायचे. मी आतून बाहेर यायची नाही. आमचं नवरा-बायकोचं बोलणं तेव्हा कामापुरतं होतं. वेलांटी किती इंच, तांबडी की हिरवी, गाडी कधी सुटणार.

पन्नासचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. इचलकरंजीत एका कापडाच्या व्यापाऱ्यानं नवी पेढी बांधली होती आणि तिच्यावर आमची पाटी लावायची होती. मालक काठी टेकत बरोबर आले होते. ते हल्ली फारसे येत नसत, पण पेढी मोठी होती. शेजारीच यंत्रमागांची शेड, खडखडाटानं कानठळ्या बसत होत्या. दीर वर, मी आत बोर्डापाशी.

व्यापाऱ्याचा मेहुणा आला. म्हणाला, "कुलूप काढा, आत पंखं लावायचं हायेत. पावणंरावळं बसल्यात घामाघूम हून."

मी म्हटलं, "वर माणूस आहे. तो खाली आला की काढते."

"पंख्याचा आन् पाटीचा काय संबंध? काढा की वो."

"पेढीला एकच बोर्ड आहे. काढणार नाही."

त्यानं माझ्या मागं हात घालून कुलूप ओढलं. मी त्याच्या मनगटावर किल्ल्यांचा जुडगा हाणला. तो किंचाळला. माणसं जमली, व्यापारी आला, दोन कामगार मागांवरून उठून आले. मेहुणा सगळ्यांना दाखवत होता, बाईनं मारलं, बाईनं मारलं. व्यापारी आमच्या मालकांना म्हणाला, "तुमच्या बायकोला आवरा आधी. न्हायतर सामान उचला आन् चालू पडा. वेड लागलंय काय तिला?"

मी मालकांकडं बघितलं. मला पक्कं ठाऊक होतं ते काय करतील. मान खाली घालतील, चुकलं म्हणतील.

त्यांनी काठी भिंतीला टेकवली. उजवा हात वर केला, ती आखडलेली बोटं सगळ्यांना दिसतील असा. आणि म्हणाले, "वेड न्हाय लागल्यालं. ती बरोबर हाय. मी वर असताना खालनं लायन चालू केली म्हणून ह्यो हात असा झालाय. फ्यूज मी काढला हुता. थेटरच्या मालकानं सांगितलं आन् मॅनेजरनं तार लावली." मग थेटरचं नावही घेतलं. मागांच्या खडखडाटात ओरडून बोलावं लागत होतं, म्हणून ते ओरडून बोलत होते. "ती समोर हुती. तिनं बघितलंय."

व्यापाऱ्यानं मेहुण्याला हातानंच बाहेर जायला खुणावलं. मेहुणा मनगट चोळत बाहेर गेला. पंखे संध्याकाळपर्यंत लागले नाहीत, पाटी लागली.

लोकांना वाटेल, मी रडले असेन, मन निवलं असेल. तसं काही झालं नाही. मला असा संताप आला की तसा दवाखान्यातही आला नव्हता. म्हणजे येत होतं त्यांना बोलता. इतकं सरळ, इतकं सोपं. इन्स्पेक्टर समोर खुर्ची टाकून बसला होता तेव्हाही हीच चार वाक्यं होती.

परतीच्या एस.टी.त ते माझ्या शेजारी बसले. दीर पुढं नळ्यांचं रिकामं खोकं धरून झोपला होता. मी विचारलं, "तेव्हा का नाही बोललात?"

"तवा बोललो असतो तर कंपनी ऱ्हायली नसती."

"नसती राहिली."

बहुधा हा विचार त्यांनी कधी केलाच नव्हता, की नसती राहिली तरी चाललं असतं. आम्ही पाट्या रंगवल्या असत्या. मी शाळेत ड्रॉइंग शिकवलं असतं. ते म्हणाले, "आज तरी बोललो न्हवं?"

"परक्या गावात," मी म्हटलं. "ज्यानं ऐकायला पाहिजे तो उद्या आपल्या दुकानात चहाला येईल."

तो आला. मालकांनी त्याला बसा म्हटलं नाही, एवढं मात्र खरं. तो जरा वेळ उभा राहिला, काहीतरी हवापाण्याचं बोलला आणि निघून गेला. पुन्हा आला नाही, आणि त्याची कामंही आली नाहीत. कंपनी काही बुडली नाही. सासरे वर्षभर म्हणत होते, बुडंल, बुडंल. बुडली नाही.